भट्टीत भाजलेली काच

आमच्या कॅलँटा गावात नेव्ह ट्रेगिअरचं नाव काढलं की माणसं आधी हसतात आणि मग बोलतात. मला त्या हसण्याचा राग येतो. मीही हसते, ती गोष्ट वेगळी. मी त्याला जन्मभर ओळखते, तेवढा हक्क माझा आहे. पण अॅडलेडहून शनिवार-रविवारपुरतं येणारं, जुन्या खाणींचे फोटो काढून जाणारं कुणीही उठून हसायला लागलं, तर मी ऐकून घेत नाही.

नेव्ह आमचा बेकरीवाला. तांब्याच्या खाणी बंद पडल्या, बँक गेली, पोस्ट औषधाच्या दुकानातल्या एका कोपऱ्यात जाऊन बसलं, पण ट्रेगिअरची बेकरी चालूच राहिली, कारण या गावात पास्टी खाल्ल्याशिवाय दुपार झाली असं कुणी मानत नाही. मांस, बटाटा, कांदा, सलगम, वर जाड पारी. नेव्हचा खापरपणजोबा खाणीत काम करायला इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून बोटीनं आला तेव्हा ही पास्टी सोबत घेऊन आला. तेव्हापासून आतापर्यंत ट्रेगिअरांनी किती विकल्या आणि किती स्वतःच खाल्ल्या, याचा अंदाज नेव्हकडे पाहिलं की येतो. दारातून आत येताना तो एक खांदा पुढे घालतो.

आता हसण्याचं कारण सांगते. आमच्या मोटार क्लबाच्या भिंतीवर एक लाकडी पाटी आहे. वर्षातून एका रविवारी कौन्सिल धुरांड्याच्या टेकडीचा रस्ता बंद करते आणि आम्ही एकेक करून गाड्या वर पळवतो. खाली खाणीच्या फाटकापासून निघायचं, वर जुन्या धुरांड्यापाशी पोहोचायचं, घड्याळ सांगेल ते खरं. आधीच्या सगळ्यांपेक्षा जो वेगानं पोहोचला त्याचं नाव सोनेरी अक्षरांत त्या पाटीवर. बंद, म्हणजे छप्पर-काचवाल्या, गाड्यांच्या गटात शेवटचं नाव आहे जी. नॅनकिव्हेल, आणि ते इतकं जुनं आहे की त्याचं सोनं काळवंडून तांबं झालंय.

जी. नॅनकिव्हेल म्हणजे ग्लेनिस. नेव्हची बायको.

गाडीही तिचीच. दोन माणसांची, लांब नाकाची, नारिंगी डॅटसन. ग्लेनिसनं तरुणपणी लोकर कापणाऱ्यांच्या टोळीत स्वयंपाक करून, त्यांच्या शिव्या खाऊन ती घेतली. तिनं पाटीवर नाव चढवलं, पुढच्या वर्षी नेव्हशी लग्न केलं, आणि गाडी तिच्या मागोमाग बेकरीच्या मागच्या शेडमध्ये आली. मग मुली झाल्या, पीठ झालं, पहाटे उठणं झालं. ग्लेनिसनं स्टेअरिंग नेव्हच्या हातात दिलं आणि त्या दिवसापासून बिचारा दरवर्षी तीच टेकडी, त्याच गाडीतून, बायकोच्या नावाच्या मागे धावतोय. आणि दरवर्षी थोडक्यात राहतोय. थोडक्यात म्हणजे डोळा मिटून उघडावा इतकंच.

गाव सोडतंय होय? सकाळी बेकरीत गिऱ्हाईक येतं ते असं:

"नेव्ह, दोन पास्टी दे. घाई नाही, तू तुझ्या वेगानं दे."

"ग्लेनिस आत आहे का? मला जरा लवकर हवंय."

नेव्ह हसून पास्टी पिशवीत घालतो. पण पिशवीचं तोंड पिळताना त्याची बोटं मी पाहिली आहेत.

यंदा मात्र त्याला थांबायला जागा उरली नव्हती. कौन्सिलनं ठरवलं की हिवाळ्यानंतर टेकडीचा रस्ता नवा करायचा, वरचं अवघड वळण फोडून रुंद करायचं. म्हणजे टेकडी वेगळी झाली, आणि वेगळ्या टेकडीला जुनी पाटी चालत नाही. क्लबानं ठराव केला: हा रविवार शेवटचा, मग जुनी पाटी कायमची बंद. मी कौन्सिलच्या बैठकीत दोनदा भांडून आले. दुसऱ्यांदा त्यांनी मला बाहेर काढलं. निर्णय बदलला नाहीच. म्हणजे नेव्हला एक रविवार उरला होता. तो गेला की ग्लेनिस त्याच्या डोक्यावर जन्मभर सोनेरी अक्षरांत.

गाडीतून जे काढता येईल ते त्यानं आधीच्या वर्षांत काढून टाकलं होतं. गालिचा, रेडिओ, मागचा बंपर, शेजारची सीट. एका वर्षी त्यानं डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकणही काढलं. तेव्हा ग्लेनिस म्हणाली होती, "आता त्यातलं चॉकलेटपण काढ." यंदा तो गाडीभोवती फिरत राहिला, आणि त्याची नजर समोरच्या काचेवर जाऊन बसली.

काच जड असते. तिच्या जागी पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक लावतात शर्यतवाले. पोलिसांच्या ढाली पारदर्शक असतात ना, त्या याच्याच. त्या ढालींशी माझी मोर्च्यांमधली जुनी ओळख आहे, फार जवळून, म्हणून सांगते: काठी मारा, दगड मारा, त्यांना काही होत नाही. आणि वजनाला काचेच्या निम्मंही नाही. फक्त रस्त्यावर चालत नाही. कायद्याला समोर काचच लागते. एकदा प्लास्टिक लावलं की गाडी ट्रेलरवरून न्यायची आणि ट्रेलरवरूनच आणायची.

नेव्हनं अॅडलेडहून त्या प्लास्टिकचा सपाट पत्रा मागवला. दोन्ही बाजूंना ओरखडे पडू नयेत म्हणून पांढरी फिल्म चिकटवलेली. मग पिठाच्या काट्यावर आधी जुनी काच ठेवली, मग हा पत्रा.

"सात किलो!" तो ओरडला. "ग्लेनिस, सात किलो वाचले!"

ग्लेनिस बनपाव ट्रेमध्ये लावत होती. तिनं मान वर केली, नेव्हकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि पुन्हा बनपाव लावायला लागली.

"बोल ना काहीतरी."

"मी काही बोलले का?"

"तू बघितलंस."

"नवऱ्याकडे बघायला परवानगी लागते का आता?"

मी काउंटरशी उभी होते. मला हसू आवरेना, तर नेव्ह माझ्यावरच घसरला. "तू काय दात काढतेस? तुला पाव घ्यायचाय की तमाशा बघायचाय?"

"दोन्ही," मी म्हटलं. "पाव कापून दे."

आता अडचण अशी की डॅटसनची काच सपाट नाही, तिला बाक आहे. पत्र्याला तापवून तसा बाक द्यावा लागतो. शर्यतवाले त्यासाठी मोठ्या शहरात खास कारखान्यात पाठवतात. पण नेव्हच्या घरात तर आख्खी भट्टी आहे, एका वेळी दोनशे पास्ट्या भाजणारी. कारखान्यात पाठवायचं म्हणजे बेकरीवाल्यानं पाव विकत घेण्यासारखं झालं. ट्रेगिअर असं करत नाहीत.

त्यानं विचार केला तो बेकरीवाल्यासारखाच. वस्तूला आकार द्यायचा तर साचा लागतो. साचा कुठला? जुनी काच. तिच्यावर जाड फलालीन अंथरलं, वर पत्रा ठेवला, आणि सगळं भट्टीत सरकवलं. तापलं की पत्रा मऊ होईल, वाकेल, काचेच्या अंगावर बसेल. पास्टीच्या पिठाकडे पाठ वळवली की ते कसं ट्रेवर बसतं, तसंच.

आणि पत्र्यावरची पांढरी फिल्म त्यानं काढली नाही.

हे त्यानं विसरून केलं नाही. इथेच सगळी गंमत आहे. जो माणूस आयुष्यभर कागदावर भाजत आला, त्याला कागद भाजण्याआधी काढायचा असतो हे सुचणारच नाही. केक असो, बिस्किट असो, आधी भाजायचं, मग थंड होऊ द्यायचं, आणि मगच कागद सोडवायचा. गरम असताना सोडवलास तर कान उपटेन, असं त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. नेव्हनं बापाचं ऐकलं.

पत्रा सुरेख वाकला. इतका सुरेख की नेव्हनं मला फोन करून बोलावलं. भट्टीच्या दाराच्या फटीतून आम्ही दोघं बघत होतो, आणि नेव्ह हळू आवाजात म्हणत होता, "बघ, बघ, कशी बसली. लोण्यासारखी."

पण बाहेर शुक्रवारच्या पास्ट्या तयार होत्या आणि गिऱ्हाईक रांगेत. नेव्हला राहवेना. म्हणाला, वरच्या कप्प्यात तेवढ्या पास्ट्या सरकवतो, काचेला काय फरक पडतो. दार उघडलं, बाहेरची गार हवा आत शिरली, आणि आतून आवाज आला. टण्.

काच गेली. जुनी, मूळ, ग्लेनिसच्या गाडीची काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत उलली. वर बसलेला पत्रा मात्र जसाच्या तसा.

ग्लेनिस आवाज ऐकून आत आली. भट्टीत वाकून पाहिलं. मग म्हणाली, "ती माझी काच होती."

"नवी आणू की गं. मिळते."

"मिळते. पण ती माझी होती." आणि ती काउंटरवर परत गेली.

त्या दिवशी गावानं खाल्लेल्या पास्टीला खेळण्यांच्या दुकानासारखा वास होता. एकानंही तक्रार केली नाही. उलट क्लॅरी व्हिटसेड, जो मेंढ्यांची लोकर कापून म्हातारा झाला आणि ज्याला नाकानं काही कळत नाही, तो म्हणाला की यंदा मसाला नवा दिसतोय, बरा आहे.

रविवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी आमचा नेहमीचा बाजार भरला. गाड्या, ट्रेलर, चहाचे थर्मास, माश्या. मी दरवर्षी सुटायच्या रेषेवर असते, नाव नोंदवायचं टेबल माझंच, झेंडाही माझ्याच हातात. गाडी तपासायला स्पीडी पेंगिली. त्याला स्पीडी म्हणतात कारण तो एका गाडीच्या चार चाकांचे नट तपासेपर्यंत दुसऱ्या गाडीचा मालक जेवून येतो. माणूस मात्र प्रामाणिक. सख्ख्या भावाची गाडी त्यानं एकदा आरशाच्या स्क्रूवरून परत पाठवली होती.

नेव्हनं डॅटसन ट्रेलरवरून उतरवली. नवी प्लास्टिकची काच स्क्रूंनी बसवलेली, वर पांढरी फिल्म अजून तशीच. ओरखडे पडू नयेत म्हणून त्यानं शेवटच्या क्षणापर्यंत राखून ठेवली होती. लोकं भोवती जमली. नेव्हनं हात पुसले, एक कोपरा नखानं उचलला, आणि ओढला.

फिल्म बोटभर निघाली आणि तुटली. पुन्हा उचलली, पुन्हा तुटली. भट्टीत तिचा गोंद प्लास्टिकवर असा भाजला गेला होता की दोघं एकजीव झाले होते. नेव्ह, मी, क्लॅरी, तिघं नखं मोडेस्तोवर ओरबाडत राहिलो. फिल्म निघाली, पण चिकट, पिवळे, ढगासारखे डाग सगळीकडे राहिले. त्यातून बघितलं तर टेकडी धुक्यात गेलेली दिसत होती.

"भाजायच्या आधी काढायची असते ही," स्पीडी म्हणाला. सावकाश म्हणाला.

"आधी?" नेव्हच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य होतं. "आधी कोण काढतं?"

क्लॅरी त्याच्या ट्रककडे गेला आणि छोटी हिरवी बाटली घेऊन आला. निलगिरीचं तेल. या गावात निलगिरीच्या तेलाशिवाय पान हलत नाही. सर्दी, कपड्यावरचा डाग, कुत्र्याचा वास, बरणीवरचं लेबल, सगळ्यावर तेच. माझ्या आईनं शाळेतल्या मुलांच्या केसातलं च्युइंग गम त्यानंच काढलं.

"हे लाव. याच्यापुढे गोंद टिकत नाही."

"अरे, प्लास्टिकला चालतं का ते विचार आधी कुणाला तरी," मी म्हटलं.

"बाटली कशाची आहे?" क्लॅरीनं मला बाटली दाखवली. "प्लास्टिकची. मग?"

सगळ्यांनी फडकी घेतली. आणि खरं सांगते, गोंद असा सुटला की टाळ्या पडल्या. काच लख्ख झाली. टेकडी, धुरांडं, वर बसलेला कावळा, सगळं स्वच्छ दिसायला लागलं. नेव्हनं क्लॅरीला मिठी मारली, त्यात क्लॅरी थोडा वेळ दिसेनासा झाला.

मग ऊन चढलं.

आधी स्क्रूंच्या भोवती केसासारख्या रेघा आल्या. नेव्हला वाटलं, धूळ. फडक्यानं पुसली, जाईना. रेघांना फाटे फुटले, फाट्यांना फाटे, आणि बाकाच्या जागी तर असं जाळं पसरलं की कोळ्याला लाज वाटावी. आमच्या डोळ्यांदेखत सगळी काच दुधासारखी पांढरी होत गेली. ज्या प्लास्टिकवर पोलिसांनी आयुष्यभर दगड झेलले, त्याला आमच्या गावानं एका छोट्या बाटलीनं गुडघे टेकायला लावले. दुसऱ्या एखाद्या दिवशी मला याचा फार आनंद झाला असता.

नेव्ह गाडीच्या नाकावर बसला. गाडी पुढून खाली गेली.

"संपलं," तो म्हणाला.

ग्लेनिस लांब कुंपणाशी तिच्या घडीच्या खुर्चीत शब्दकोडं सोडवत बसली होती. ती दरवर्षी तिथेच बसते. गाडी सुटली की पेन्सिल थांबते, डोळे मिटतात, आणि ती नुसती ऐकते. तिनं इकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कोड्यात मान घातली.

मला मात्र डोक्यात तिडीक गेली. "उठ रे! बसलास काय असा पोत्यासारखा? स्क्रू काढ. काच काढून टाक. हेल्मेटला पुढचं झाकण आहे की नाही? सात किलो वाचवत होतास ना, आता सगळीच वाचव."

नेव्हनं माझ्याकडे पाहिलं. मग काचेकडे. त्याचा चेहरा हळूहळू असा उजळला की मला माझाच अभिमान वाटला. पाच माणसांनी पाच स्क्रूड्रायव्हर घेतले आणि बघता बघता काच गवतात पडली.

पण स्पीडी मध्ये उभा. त्यानं गाडीच्या पुढच्या भोकातून आत पाहिलं, मग गाडीत बसून बाहेर पाहिलं.

"जाता येईल," तो म्हणाला. "हेल्मेटचं झाकण बंद ठेवायचं. पण मग ही बंद गाडी नाही राहिली. उघड्या गाड्यांच्या गटात जाईल."

"उघडी?" नेव्ह तडकला. "डोक्यावर छप्पर दिसत नाही का तुला?"

"छप्पर आहे. समोरची भिंत नाही. नुसतं छप्पर असलं की त्याला मांडव म्हणतात."

"स्पीडी, मला ग्लेनिसच्या गटातच पळायचंय! त्याशिवाय पाटीवर नाव कसं लागेल?"

स्पीडी तोंडातली काडी इकडून तिकडे नेत विचार करत राहिला. शेवटी म्हणाला, "शेवटचं वर्ष आहे. कुणाची हरकत नसेल तर मी डोळेझाक करीन. आहे का कुणाची हरकत?"

कोण हरकत घेणार? तिथे नेव्हचं वाईट चिंतणारं एकही माणूस नव्हतं. थट्टा करणं वेगळं.

"माझी आहे."

कुंपणापासून आवाज आला. ग्लेनिसनं पेन्सिल कानाला लावली होती आणि हात वर केला होता.

नेव्हचं तोंड उघडंच राहिलं. "ग्लेनिस?"

"काच काढून पळायचं असतं तर मीही काढली असती. मी काचेसकट गेले होते. ती माझी काच तू फोडलीस, आता नाव पण घेणार?"

"अगं, पण मला वाटलं, तुला आवडेल मी..."

"तू जिंकलास तर मला आवडेल. मी हरले तर नाही आवडणार. दोन्ही एकदम कसं जमवायचं ते तू बघ."

कुणीतरी हसलं. मी वळून पाहिलं, तर ते थांबलं.

"मांडव," स्पीडी म्हणाला आणि गाडीच्या दारावर उघड्या गटाचा नंबर चिकटवला.

त्या गटात दुसरी एकही गाडी नव्हती. म्हणजे नेव्ह एकटाच पळणार, एकटाच जिंकणार, आणि ज्या नावाच्या मागे जन्म घालवला ते नाव तिथेच राहणार. दुसरा असता तर ट्रेलर जोडून घरी गेला असता. नेव्हनं हेल्मेट घातलं. रेषेवर आला तेव्हा मी वाकून पाहिलं. झाकणातून त्याचे डोळे लाल दिसत होते. मी झेंडा खाली केला.

त्या दिवशी तो जसा गेला तसा कधीच गेला नव्हता. वाटेतल्या पाण्याच्या हौदाजवळच्या वळणावर गाडी बाहेर ढकलली गेली, धूळ उडाली, आणि मला वाटलं गेला. पण वरच्या झाडीतून आवाज येतच राहिला, चढत राहिला. मग वरून घड्याळवाल्याचा आवाज रेडिओवर आला. त्यानं वेळ सांगितली. आम्ही म्हटलं, पुन्हा सांग. त्यानं पुन्हा सांगितली.

ग्लेनिसच्या वेळेपेक्षा कमी. डोळा मिटून उघडावा इतकीच, पण कमी.

नेव्ह खाली आला तेव्हा हेल्मेटच्या झाकणावर टोळांचा खच होता आणि एक मधमाशी त्याच्या कॉलरमधून स्वतःहून बाहेर पडली. लोकांनी त्याला उचलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"कसं जमलं रे?" क्लॅरीनं विचारलं.

"तोंडावर इतका वारा येत होता की घाबरून लवकर पोहोचलो."

पण हसता हसता त्याची नजर कुंपणाकडे जात होती. आणि लोकांमध्ये कुजबुज सुरू झालीच होती: मोजायचं कसं, काच नव्हती ना, काचेसकट आला असता तर काय, ते काही खरं नाही. पास्टी खाताना आयुष्यभर पुरेल एवढं चघळायला मिळालं होतं त्यांना. नेव्हलाही ते ऐकू येत होतं.

तेवढ्यात ग्लेनिस माझ्या टेबलाशी आली.

"त्या डॅटसनवर दुसरा ड्रायव्हर म्हणून माझं नाव घाल."

एका गाडीवर दोघांनी नाव घालायची आमच्याकडे पद्धत आहे. नवरा-बायको, बाप-लेक, सगळे घालतात. पण मी तिच्याकडे बघतच राहिले. "लायसन्स लागतं गं. क्लबाचं."

तिनं पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. चालू वर्षाचं. कोरं करकरीत. दरवर्षी काढत आली होती ती, बिनबोभाट, नेव्हला कळू न देता, मला कळू न देता.

"का?" मी विचारलं.

"वाटलं, लागलं तर असावं," ती म्हणाली. "सुई-दोरा नाही ठेवत आपण?"

ती नेव्हपाशी गेली आणि हात पुढे केला. "हेल्मेट."

"तू? आता?"

"तुला काचेशिवाय जिंकायचंय, मला काचेशिवाय हरायचं नाहीये. तीच गाडी, तोच मांडव. मग बघू कोण कुठे." तिनं हेल्मेट पालथं केलं, झाकणावरचे टोळ झटकले, डोक्यावर चढवलं. ते तिच्या डोक्यावर गोल फिरलं, म्हणून आत माझा रुमाल कोंबला. सीट पुढे ओढायला दोघांना जोर लावावा लागला. ती इतकी वर्षं नेव्हच्या मापाला गंजली होती.

झेंडा खाली पडला आणि आमच्यातल्या तरुण पोरांना कळलं की त्या पाटीवरचं ते काळवंडलेलं नाव कुणाचं होतं. गिअर कधी बदलला ते ऐकूच आलं नाही. हौदाच्या वळणावर गाडी रेघ ओढल्यासारखी गेली. मी नेव्हकडे पाहिलं. तो कुंपणाशी तिच्या खुर्चीत बसला होता, खुर्ची करकरत होती, आणि त्यानं डोळे मिटले होते.

वरच्या वळणाला आवाज जरासा अडखळला. फार नाही, एक उचकी लागावी इतका. सगळ्यांनी ऐकलं.

रेडिओवर वेळ आली. नेव्हपेक्षा जास्त. तेच, डोळा मिटून उघडावा इतकीच.

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नेव्ह ट्रेगिअरनं आपल्या बायकोला हरवलं होतं, तीच गाडी, तोच दिवस, तीच उघडी हवा, आणि आता यात चघळायला कुणाला काही उरलं नव्हतं. स्पीडीनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. क्लॅरी म्हणाला, "झालं की रे नेव्ह." नेव्ह खुर्चीतून उठायला लागला तर खुर्ची त्याच्यासोबतच उठली.

ग्लेनिस गाडी हळू हळू खाली घेऊन आली, रेषेच्या अलीकडे उभी केली, इंजिन बंद केलं. पण बाहेर येईना. दोन्ही हात स्टेअरिंगवर, हेल्मेट तसंच, नजर समोर टेकडीवर.

मी म्हटलं, "ग्लेनिस, उतर. मागे लोक थांबलेत."

"थांबू देत."

"कौन्सिल रस्ता उघडणार आहे आता."

"तू भांड ना कौन्सिलशी. तुला तर आवडतं."

म्हणून नेव्हला पाठवलं. तो दाराकडे न जाता गाडीच्या नाकावर हात टेकून पुढून वाकला, जिथे काच असायला हवी होती तिथून डोकं आत घातलं. दोघांची तोंडं आता एका वितीवर. त्यानं खिशातून पास्टी काढली, कागद सोडवला, आणि तिच्यासमोर धरली.

ग्लेनिसनं झाकण वर केलं. एक घास घेतला. चावला. गिळला.

"वरच्या वळणाला," ती म्हणाली, "तू ब्रेक कुठे लावलास?"

इतकी वर्षं हा प्रश्न नेव्हनं तिला विचारला होता. जेवताना, पीठ मळताना, मुलीच्या लग्नात फोटो काढताना सुद्धा. तिनं त्याला एकदाही उत्तर दिलं नव्हतं. नेव्हनं उरलेली पास्टी तिच्या हातात दिली, बाही झटकली, आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला:

"नाही सांगणार."

"नेव्ह."

"नाही म्हणजे नाही."

"नेव्हिल ट्रेगिअर, मी तुझी बायको आहे!"

"म्हणूनच," तो म्हणाला, आणि डोकं बाहेर काढताना त्याचा कान गाडीच्या छपरावर आपटला. ती तोंडातल्या घासासकट अशी काही खो खो हसत सुटली की पास्टीतला बटाटा त्याच्या शर्टावर उडाला.